बर्फामागून आलेलं रान

1794 साली कॅप्टन जॉर्ज व्हँकुव्हरच्या मोहिमेतले लोक अलास्काच्या आग्नेय किनाऱ्याचा नकाशा काढत होते. आज जिथे ग्लेशियर बे हे लांबलचक आखात आहे, तिथे त्यांना किनाऱ्यात जेमतेम एक खाच दिसली. तिच्या मागे बर्फाची प्रचंड भिंत उभी होती. 1879 मध्ये निसर्गअभ्यासक जॉन म्यूर होडीतून तिथे पोहोचला, तर भिंत साठ किलोमीटरहून जास्त आत गेलेली! 1916 पर्यंत ती मुखापासून 105 किलोमीटर मागे हटली होती. एवढं मोठं आखात सव्वाशे वर्षांत बर्फातून बाहेर आलं. कसं?

समुद्राला भिडणारी हिमनदी पुढे सरकताना दगडगोटे ढकलत आणते आणि त्यांचाच बांध आपल्या टोकापाशी रचते. त्या बांधावर ती टेकून असते तोवर तिचं बरं चाललेलं असतं. पण जरा मागे सरली की तिचं टोक बांधामागच्या खोल पाण्यात सापडतं. तिथे कडे भराभर कोसळतात, बर्फ आणखी मागे जातो, तिथलं पाणी आणखी खोल असतं. मग ही माघार लवकर थांबतच नाही.

आता उन्हाळ्यात लोक मुलाबाळांना घेऊन आखाताच्या मुखाजवळ बार्टलेट कोव्हच्या धक्क्यावर बोटीत बसतात, आखाताच्या वरच्या टोकाला हिमनद्या पाहतात आणि संध्याकाळी परततात. सगळ्यांचे डोळे हंपबॅक देवमाशाच्या फवाऱ्याकडे नाहीतर अस्वलाच्या शोधात. ते साहजिकच आहे. तरी तुम्ही गेलात तर मुलांना सांगा, अधूनमधून नुसत्या काठाकडे बघा. धक्क्यापाशी स्प्रूस वृक्षांचं दाट, ओलसर जंगल आहे. बोट आत जाते तशी झाडं ठेंगणी होतात. मग अल्डरची झुडपं उरतात, मग खडकाला बिलगून वाढणारी ड्रायस, आणि शेवटी उघडाबोडका खडक. मुखाशी बर्फ आधी वितळला, टोकाशी अगदी अलीकडे. म्हणजे जंगल कसं जन्मतं, त्याच्या सगळ्या पायऱ्या एका दिवसात तुमच्यासमोरून उलट्या क्रमाने जातात. असं दृश्य जगात फार थोड्या ठिकाणी मिळेल.

पण निव्वळ दगडावर झाड उगवतंच कसं? झाडाला नायट्रोजन हवा. हवेत तो 78 टक्के आहे, पण झाडाला तो हवेतून थेट घेता येत नाही. इथे अल्डर कामाला येतं. त्याच्या मुळांवरच्या गाठींत सूक्ष्म जिवाणू राहतात, ते हवेतला नायट्रोजन पकडून झाडाच्या उपयोगाचा करतात. दरवर्षी पानं गळतात, कुजतात आणि गोट्यांवर माती साठत जाते. त्या मातीत वाऱ्याने आलेलं स्प्रूसचं बी रुजतं. काही दशकांत स्प्रूस इतकं उंच होतं, की त्याच्या सावलीत अल्डरच मरून जातं. ज्याने माती केली त्यालाच तिथे जागा उरत नाही!

झाडांच्या या क्रमाचा अभ्यास विल्यम कूपर नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने 1916 मध्ये सुरू केला. त्याने एकेक चौरस मीटरचे तुकडे आखून त्यातलं रोपन् रोप नोंदवलं. त्या तुकड्यांची मोजणी आजही होते. शंभर वर्षांवर चाललेला हा चिवटपणा मला हिमनदीइतकाच भव्य वाटतो.

झुडपांमागून ती खाणारी मूस हरणं आली, तीही विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. आणि माणसं? ती तर बर्फाच्याही आधीची. हुना ट्लिंगिट लोक या खोऱ्यात राहत होते. हिमनदी पुढे सरकली आणि त्यांची गावं गेली. धावत्या कुत्र्याच्या वेगाने बर्फ आला, असं त्यांच्या पूर्वजांच्या कथेत सांगतात. व्हँकुव्हरच्या लोकांनी पाहिली ती भिंत त्या आक्रमणाचीच होती. 2016 मध्ये बार्टलेट कोव्हच्या काठावर ट्लिंगिटांचं कुळघर पुन्हा उभं राहिलं.

बर्फाचं ओझं उतरल्यावर जमिनीचं काय झालं? ती वर येते आहे! गादीवरून माणूस उठला की खड्डा हळूहळू भरून येतो, तसं पृथ्वीचं कवच इथे अजून वर येतंय. आखाताच्या मुखाजवळच्या गस्टेव्हस गावात वर्षाला सुमारे 3 सेंटीमीटर. तिथल्या एका रहिवाशाने 1998 मध्ये गोल्फचं मैदान उघडलं. त्याचं कुटुंब तिथे पहिल्यांदा आलं, तेव्हा ती जागा पाण्याखाली होती.

टोकाशी पोहोचलात की इंजिन बंद होतं. कड्यातून बर्फ निखळतो, तेव्हा तोफ डागल्यासारखा आवाज येतो. ट्लिंगिट त्याला पांढरी गर्जना म्हणतात. पण पाण्याखाली याहून मोठी गडबड चालू असते. बर्फ बनताना दाबाखाली अडकलेले हवेचे बुडबुडे वितळताना तडतडत फुटतात, असे असंख्य. हिमनद्यांच्या अशा खाड्या समुद्रातल्या सर्वांत गोंगाटाच्या नैसर्गिक जागांपैकी आहेत. शास्त्रज्ञांचा अंदाज असा, की या गलबल्यात सीलचा माग काढणं शिकारी ऑर्काला अवघड जात असावं.

जॉन्स हॉपकिन्स खाडीत सील माद्या तरंगत्या बर्फावरच पिल्लं घालतात. पिल्लू जन्मतःच पोहू शकतं, पण दूध पिण्याचे दिवस जेमतेम महिनाभर. त्या काळात बोट जवळ आली तर आई पाण्यात उडी घेते आणि ताटातूट होऊ शकते. म्हणून मे आणि जूनमध्ये त्या खाडीत बोटींना बंदी असते. जुलैपासून लहान बोटींना आत जाता येतं, मोठ्या क्रूझ जहाजांना मात्र सप्टेंबरची वाट पाहावी लागते.