पिवळे पान आणि मातीखालचा खुंट

बुटीबोरीच्या परिसरातील काळ्या जमिनीत संत्र्याचे झाड डौलाने उभे असते, परंतु मातीखाली संत्रे नसतेच. मुळे असतात जंबेरीची किंवा रंगपूर लिंबाची. त्या खुंटावर नागपुरी संत्र्याचा डोळा बांधलेला असतो. तासगाव-सांगलीच्या ज्या बेदाण्याचा व्यापार आपल्या समाजातील कित्येक पेढ्या करतात, त्या द्राक्षवेलीचीही हीच कथा. वर थॉमसन सीडलेस, खाली बहुधा मूळची टेक्सासची डॉगरिज. खारवट पाणी आणि अवर्षण सोसते, म्हणून ती महाराष्ट्रात स्थिरावली.

कृषी सेवा केंद्र चालविणाऱ्या बांधवांपुढे शेतकरी पिवळे पान घेऊन उभा राहतो, तेव्हा हात सहज युरियाच्या गोणीकडे वळतो. युरिया स्वस्त, त्यात ४६ टक्के नत्र. पण आधी पान नीट पाहावे. नत्र कमी पडले तर जुनी, खालची पाने प्रथम फिकटतात. लोह कमी पडले तर शेंड्याची कोवळी पाने पिवळी पडतात आणि शिरा मात्र हिरव्या राहतात.

मौज अशी की काळ्या मातीत लोहाची वाण नसते. चुनखडीमुळे ते अविद्राव्य स्थितीत अडकून पडते. द्राक्ष व लिंबूवर्गीय झाडांची मुळे आम्ल सोडून, लोहाचे रूप पालटून ते आत घेतात. चुनखडीतील बायकार्बोनेट ते आम्ल गिळून टाकते. अशा वेळी युरिया दिला तर तो काही दिवसांत अमोनियम आणि पुढे नायट्रेट होतो. नायट्रेट शोषताना मुळांभोवतीचा सामू वाढतो, म्हणजे लोह आणखी दूर जाते. शिवाय डॉगरिज जोमदार. जादा नत्राने ती पाला वाढविते आणि घड कमी देते. अमोनियम सल्फेट त्या मानाने बरे, पण भरपूर चुना असलेल्या जमिनीत त्याचाही प्रभाव तोकडाच.

हा पेच जुना आहे. एकोणिसाव्या शतकात फिलॉक्झेरा किडीने फ्रान्सचे मळे उद्ध्वस्त केल्यावर तेथे अमेरिकन खुंट आणले गेले. कीड आवरली, पण चुनखडीच्या भागात वेली पिवळ्या पडल्या. १८८७ साली पिएर व्हियाला अमेरिकेस गेले आणि टेक्सासमध्ये चुनखडीवरच तगणाऱ्या बर्लांदिएरी या रानवेलीकडे त्यांचे लक्ष वेधले. पुढचे चुना सोसणारे अनेक खुंट तिच्याच संकरातून आले.

आपल्याकडे हिराकस मातीत टाकण्याची रीत आहे. चुनखडीत ती लवकरच निकामी होते. अर्धा टक्का द्रावणाची फवारणी अधिक उपयोगी. चिलेटेड लोह विकताना ईडीटीए आणि ईडीडीएचए यांतला फरक सांगावा: पहिले विम्ल जमिनीत टिकत नाही, दुसरे टिकते, पण महाग पडते. नवी बाग लावणाऱ्याने मात्र कलमे घेण्यापूर्वीच मातीतील मुक्त चुना तपासून घ्यावा. संत्र्यासाठी नागपूरची केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था जवळ आहे, द्राक्षासाठी पुण्याजवळ मांजरीचे राष्ट्रीय संशोधन केंद्र. खुंट एकदा रुजला की बदलता येत नाही, आणि दुकानातील उधारीही त्याच बागेच्या उत्पन्नातून फिटायची असते.