मार्क सोल्म्स : स्वप्नं कुठून येतात?

मागे आपण फ्रॉइडपाशी थांबलो होतो. आज मार्क सोल्म्स घेऊ. ते चार वर्षांचे असताना थोरला भाऊ छपरावरून पडला, डोक्याला मार बसला. भाऊ दिसायला तोच, पण आधीचा ‘तो’ गेला कुठे? हा प्रश्न घेऊन सोल्म्स मेंदूशास्त्रात आले. तिथे तेव्हा समज असा, की स्वप्न ही आरईएम झोपेतली मेंदूच्या बुंध्याची निव्वळ खटपट. इच्छेचा संबंध नाही. सोल्म्स यांनी मेंदूला इजा झालेल्या रुग्णांनाच विचारलं, स्वप्नं पडतात का? काहींची आरईएम झोप शाबूत, स्वप्नं मात्र बंद! त्यांतल्या काहींची इजा होती पुढच्या मेंदूत, ओढ-इच्छा जागवणाऱ्या तंतूंमध्ये. एवढ्यानं फ्रॉइड सिद्ध झाला असं आपण म्हणणार नाही. पण त्याला मोडीत काढण्याची घाई झाली होती खरी. सोल्म्स तर पुढे लंडनमध्ये रीतसर मनोविश्लेषण शिकले, मेंदूशास्त्र न सोडता.