गुळव्याची गोळी आणि कारखान्याचा उतारा

गेल्या आठवड्यात आपण इचलकरंजीच्या वेशीपाशी येऊन थांबलो होतो आणि १९०४ साली त्या जहागिरीच्या गावात आलेल्या पहिल्या यंत्रमागाची हकीकत या लेखांकात सांगण्याचा वायदा मी केला होता. परंतु मधल्या दिवसांत मुरगूडकडील एका वाचकांचे पत्र आले आणि त्यातील एका प्रश्नामुळे तो वायदा आठवडाभर लांबणीवर टाकणे मला भाग पडत आहे. ते लिहितात की, गिरणी, भोंगा, पाळी आणि कामगार यांच्याविषयी आपण एवढे विवेचन केलेत, मग आमच्या गुऱ्हाळावरचा गुळव्या यांत कोठे बसतो? तो कारागीर, कामगार, की बलुतेदार? कागलमध्ये बसून ही लेखमाला लिहिणाऱ्याला हा प्रश्न आपण होऊन सुचावयास हवा होता.

ज्यांनी चालते गुऱ्हाळ पाहिलेले नाही अशा वाचकांसाठी थोडे तपशिलाने सांगतो. दूधगंगेच्या काठच्या एका गुऱ्हाळावर माझ्या लहानपणीच्या कित्येक रात्री गेल्या. दिवाळी सरली की चरक उभा राही, चुलवाणाचे तोंड लिंपले जाई आणि त्यावर ती अजस्र काहील चढे. चुलवाणापाशी बसलेला जळव्या वाळलेली चिपाडे एका लयीत आत सारीत असे; रसाला कढ आला की भेंडीचे पाणी आणि चुन्याची निवळी यांच्या योगाने मळी वर येई व ती झाऱ्याने काढून टाकली जाई; आणि मग रसाचा रंग पालटत, फेस बसत, बुडबुडे जड होत काकवीची अवस्था आली की आतापर्यंत इकडेतिकडे वावरणारी सारी माणसे नकळत गप्प होत. गुळव्या काठीला लागलेला पाक थंड पाण्यात सोडी, बोटांनी त्याची गोळी वळी आणि भांड्याच्या कडेवर आपटून तिचा आवाज ऐके. आमच्या गुऱ्हाळावरचे तात्या डोळे मिटून तो आवाज ऐकत. शेतमालक शेजारी उभा असला, तरी त्याचा शब्द त्या क्षणी चालत नसे. ‘आजून न्हाई, दमा जरा,’ असे तात्या म्हणाले की सारे दमत. आणि ‘हां, उतरा!’ म्हणताच माणसे काहिलीला भिडून पाक वाफ्यात ओतीत. हा क्षण थोडा अलीकडे साधला तर गूळ मऊ राहून पावसाळ्यात पाघळणार, थोडा पलीकडे गेला तर करपून काळा पडणार, आणि दोन्ही परीने शेतकऱ्याच्या वर्षभराच्या मेहनतीवर पाणी पडणार.

आता पत्रातील प्रश्नाकडे वळतो. तो बलुतेदार नव्हे, कारण बलुत्याचा हक्क वंशपरंपरेचा व वर्षभराच्या चाकरीचा, आणि तात्यांची मजुरी तर आदणावर, म्हणजे काहिलीच्या एकेका खेपेवर, ठरलेली असे. हत्यारांचा धनी असलेला कारागीरही तो नव्हे, कारण काहील, चरक, ऊस यांतील काहीच त्याच्या मालकीचे नाही. कामगार म्हणावे, तर त्याच्या डोक्यावर घड्याळ नव्हते. रात्री दोन वाजता आदण उतरावयाचे असेल तर ते दोन वाजता उतरे. त्याच्यापाशी एकच मालमत्ता होती, आणि ती म्हणजे काम पुरे झाले हे ठरविण्याचा अधिकार. औद्योगिक क्रांतीने श्रमिकाच्या हातून हत्यारे गेली, असे आपण पाठ केल्यासारखे म्हणतो. हत्यारांहून मोलाची जी वस्तू गेली ती हीच, असे माझे मत आहे.

येथे एका समजुतीचे निरसन केले पाहिजे. यंत्र आले की औद्योगिकीकरण झाले, असे मानण्याचा प्रघात आहे. पण गुऱ्हाळात यंत्र फार पूर्वीच येऊन बसले होते. लाकडी घाण्याच्या जागी लोखंडी चरक आला, आणि किर्लोस्करवाडीच्या कारखान्याने नांगरांबरोबर असे चरकही घडविले. पुढे बैलांची जागा ऑइल इंजिनाने घेतली आणि त्याचा ‘फट् फट्’ आवाज शिवारभर घुमू लागला. या साऱ्याने बैल सुटले, पण गुळव्याच्या आसनाला धक्का लागला नाही. यंत्र बैलाच्या जागी आले होते, गुळव्याच्या जागी नव्हे.

ती जागा हलविली ती कारखान्याच्या रचनेने. १९३२ साली साखर उद्योगाला जकातीचे संरक्षण मिळाले आणि देशात जेथे जेमतेम तीसेक कारखाने होते तेथे पाचएक वर्षांत सव्वाशेच्या वर गेले. स्वातंत्र्यानंतर प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी घालून दिलेल्या सहकाराच्या वाटेने ते लोण आमच्याकडेही पोहोचले. आज बिद्री, हमिदवाडा, आणि खुद्द कागलला विक्रमसिंह घाटगे यांच्या पुढाकाराने उभा राहिलेला शाहू कारखाना, अशी धुराडी या एका तालुक्यात दिसतात. कारखान्यात गव्हाणीत मोळी पडल्यापासून पोत्यात साखर भरेपर्यंत कामाचे इतके तुकडे पडलेले असतात की, पुरे झाले हे कोणा एका माणसाने म्हणण्याचा प्रसंगच उरत नाही.

ॲडम स्मिथने १७७६ साली टाचणीच्या कारखान्याचे उदाहरण दिले ते आपण पूर्वी पाहिलेच आहे. श्रमविभागणीने माणसाचा हात सफाईदार होतो व उत्पादन वाढते, हे त्याचे म्हणणे. परंतु चार्ल्स बॅबेज या गणितज्ञाने १८३२ साली त्यात जी भर घातली ती मला अधिक मर्मग्राही वाटते. कामाचे तुकडे केले म्हणजे प्रत्येक तुकड्याला लागेल तेवढेच कौशल्य, तेवढ्याच दामात विकत घेता येते, असे त्याने दाखवून दिले. तात्या मळीही काढीत, जाळही पाहत आणि गोळीही वळीत. म्हणजे गोळी वळणाऱ्याच्या दराने मळी काढण्याचे पैसे द्यावे लागत. बॅबेजच्या हिशेबात हा निव्वळ अपव्यय ठरतो.

परंतु माझ्या लेखी याहून खोल फरक सरासरीचा आहे. गुऱ्हाळावर एका शेतकऱ्याचा ऊस एका काहिलीत पडे आणि त्याचे रवे शाहूपुरीत त्याच्याच नावाने अडत्यापुढे मांडले जात. शाहू महाराजांनी १८९५ साली वसविलेल्या त्या पेठेत रंग, कणी आणि चव पाहून दर निघे, आणि अमक्याचा गूळ सरस हे साऱ्या बाजाराला ठाऊक होई. कारखान्याच्या वजनकाट्यावर ट्रॉलीचे वजन होते तेवढेच उसाचे शेवटचे नाव. त्यापुढे हजारो शेतांचा रस एक होतो, आणि दराचा पाया ठरतो तो साऱ्या कारखान्याचा सरासरी उतारा. कोल्हापूरकडे शंभर किलो उसामागे बारा किलोंच्या आसपास साखर पडते, याचा आम्हांला रास्त अभिमान आहे. पण या बारांत माझ्या बांधावरच्या उसाचा वाटा किती, हे सांगणारा कोणी नाही. यात नुसती हानीच झाली, असे मी म्हणणार नाही. एक आदण बिघडले म्हणून सावकाराच्या दारात गेलेली घरे मी पाहिली आहेत. सरासरीने त्यांना खात्रीचा आधार दिला. मात्र त्या आधारापोटी त्यांची स्वतंत्र ओळख गेली, हेही जमाखर्चात मांडले पाहिजे.

एक गोष्ट मात्र मला अद्याप चकित करते. एडवर्ड हॉवर्ड या इंग्रज रसायनज्ञाने १८१३ साली निर्वात कढईची युक्ती काढली, तीमुळे रस कमी उष्णतेवर उकळून करपण्याचे भय गेले, आणि आज त्या पॅनवर नाना मापक बसविलेले असतात. तरीही एकदा रात्रपाळीला एका कारखान्यात गेलो असता पॅनमनने नमुना काढून काचेच्या पट्टीवर पसरला, दिव्यासमोर धरला, अंगठ्याने चोळून कणी पाहिली आणि माझ्याकडे न पाहताच तो म्हणाला, ‘आजून थोडं, आण्णा.’ त्याचे वडील गुऱ्हाळावर होते काय, असे मी विचारले. तो हसला आणि म्हणाला, ‘आज्जा गुळव्या हुता.’

पत्रलेखकांचा दुसराही प्रश्न आहे: गुऱ्हाळासाठी गावचेच फडकरी ऊस तोडीत, मग कारखान्याच्या फडात बीडकडील टोळ्या कशा आल्या? हा विषय दोन ओळींत उरकणे मला अन्यायाचे वाटते; कारण उचल देऊन आणलेल्या त्या टोळ्यांत नवराबायको या दोन माणसांची गणना मिळून एक ‘कोयता’ अशी होते, आणि त्या एका शब्दासाठीच स्वतंत्र लेखांक लागेल. इचलकरंजीचे माग त्यानंतर.