शाळा अंगणांत गेली तेव्हां

श्रोतेहो, मूल कोणाचें असें विचारलें तर कोणीही चटकन् सांगेल, आईबापांचें. परंतु त्याच्या संगोपनाचा व शिक्षणाचा भार कोणी वाहावयाचा, या प्रश्नाचें उत्तर देशोदेशीं निरनिराळें आहे.

फ्रान्समध्यें २०१९ पासून ३ऱ्या वर्षींच शिक्षण सक्तीचें झालें. इंग्लंडांत ५ वर्षें पुरीं झाल्यावर तें सक्तीचें होतें. फिनलंडांत मात्र मूल ज्या वर्षीं ७ वर्षांचें होतें, त्या वर्षीं त्याची शाळा सुरू होते. यावरून तें राष्ट्र मुलांविषयीं उदासीन आहे असें कोणीं समजूं नये. बाळाचे कपडे व पांघरुणें यांनीं भरलेली पेटी मातेला देण्याची प्रथा तेथें १९३८ पासून आहे. आरंभीं ती गरीब मातांपुरतीच होती. १९४९ पासून सर्वांना मिळूं लागली. अट एवढीच कीं, गर्भवतीनें वेळींच वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. तेथें शाळा उशिरां येते, पण साहाय्य जन्माआधींच येतें.

आपल्याकडे २००९ च्या कायद्यानें ६ ते १४ वर्षांच्या मुलांना मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क मिळाला. परंतु दार उघडें ठेवलें म्हणजे मूल आंत येतेंच असें नाहीं. हें सत्य ज्यांनीं फार पूर्वीं ओळखलें, त्या दोन स्त्रियांचें कार्य आपल्याच पालघर जिल्ह्यांत घडलें.

वसईहून उत्तरेस जाऊन घोलवडास उतरलें कीं जवळच समुद्रकांठीं बोर्डी हें गांव लागतें. तेथें १९४५ सालीं ताराबाई मोडक यांनीं ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलें. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी झाल्या. ताराबाईंनीं पूर्वीं भावनगरास गिजुभाई बधेका यांच्याबरोबर काम केलें होतें. १९०७ सालीं डॉ. मारिया माँटेसरी यांनीं रोमच्या गरीब वस्तींत ज्या पद्धतीचा प्रयोग केला, तीच त्यांना खेड्यांत आणावयाची होती. मात्र तिचीं साधनें महाग. म्हणून शिंपले, खडे, बिया, पानें हींच साधनें झालीं.

तरीही दलित वस्तींतील मुलें बालवाडींत येईनात. तेव्हां मुलांना दोष न देतां ताराबाईंनीं शाळाच त्यांच्या अंगणांत नेली. हीच अंगणवाडी! पुढें १९७५ सालीं केंद्र सरकारनें एकात्मिक बाल विकास योजना सुरू केली, आणि हा शब्द घरोघरीं पोंचला.

कोसबाडच्या टेकडीवर गेल्यावर आणखी एक अडचण दिसली. आदिवासी मुलें गुरें राखीत. म्हणून कुरणांतच शाळा भरूं लागली. थोरली मुलगी धाकट्या भावंडाला सांभाळण्यासाठीं घरीं राही. म्हणून पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र आणून विकासवाडी उभारली. धाकटें पाळण्यांत निजलें, तेव्हां थोरलीच्या हातीं पाटी आली.

श्रोतेहो, ती थोरली मुलगी केवळ कोसबाडला होती काय? आज वसई-विरारच्या इमारतींतून पहाटेच्या लोकलनें आईबाप दोघेही मुंबईस जातात. त्यांच्या मुलांसाठीं पैसे मोजून पाळणाघर मिळतें. २०१७ च्या कायद्यानें ५० वा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेवर पाळणाघराचें बंधनही घातलें. परंतु आपल्या घरीं धुणींभांडीं करावयास येणाऱ्या बाई कोणत्या आस्थापनेंत मोडतात? त्या आपल्याकडे असतां त्यांचें तान्हें कोणाच्या कडेवर असतें, हें आपण कधीं विचारलें आहे काय?

फिनलंडची पेटी सरकार देतें. आपण सरकारची वाट पाहण्याचें कारण नाहीं. सोसायटीचें सभागृह दुपारीं बहुधा कुलुपांत असतें. तें चार तास उघडावें, वाटून घेऊन एका जाणत्या बाईचा पगार द्यावा, आणि त्या थोरल्या मुलीला शाळेची वाट मोकळी करून द्यावी. ताराबाईंनीं अंगण शोधलें. आपल्याला तें शोधावयाचेंही नाहीं, फक्त कुलूप काढावयाचें आहे.