निरोप कुणाचा?

मोबाइलवरच्या निरोपांनी माणसं जोडली की तोडली? सातारा-सांगली भागात कुणालाही विचारा, उत्तर ठाम मिळतं. पण दोन प्रकारचं. बचत गटातली बाई म्हणते, "बैठकीचा निरोप द्यायला आता दारोदार फिरावं लागत नाही." निवृत्त गुरुजी म्हणतात, "या व्हॉट्सॲपनं गावाची झोप उडवली." मला दोघांचंही खरं वाटतं. मग एकाच वस्तूचे हे दोन गुण कसे, ते आज पाहू या.

ऑगस्ट २०१९चा महापूर आठवा. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट. पाणी ५७ फुटांवर गेलं. माडीवर अडकलेल्यांचे निरोप मोबाइलवर येत होते: अमुक गल्ली, इतकी माणसं, हा फोन नंबर. कुणी होडी पाठवली, कुणी भाकरी, कुणी औषध. त्या वेळी निरोप धाडणाऱ्याची जात-धर्म विचारायला कुणाला सवड नव्हती.

याच भागातली दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. सप्टेंबर २०२२मध्ये मुलं पळवणाऱ्या टोळीच्या अफवा फिरत होत्या. जत तालुक्यातल्या लवंगा गावी उत्तर प्रदेशातून आलेल्या चार साधूंना त्या संशयावरून बेदम मारहाण झाली. पुढच्याच वर्षी, १० सप्टेंबर २०२३च्या रात्री, सातारा जिल्ह्यातल्या पुसेसावळीत समाजमाध्यमांवरच्या आक्षेपार्ह मजकुरावरून जमाव मशिदीवर चालून गेला. एका तरुणाचा जीव गेला, अनेक जखमी झाले. जिल्ह्यातलं इंटरनेट बंद ठेवावं लागलं.

मोबाइल तोच, माणसंही आपलीच. फरक निरोपात होता. पुरातल्या निरोपाला धनी होता. नंबर फिरवला की खरं-खोटं कळत होतं. पुढं ढकललेल्या निरोपाला धनी नसतो. तो आपल्याला मामांकडून येतो, वर्गमित्राकडून येतो. मामा खोटं बोलणार नाहीत, हे आपल्याला ठाऊक असतं. पण तो मजकूर मामांनी लिहिलेलाच नसतो. मामांवरचा आपला विश्वास कुणा न पाहिलेल्या माणसाच्या खात्यात जमा होतो. अफवेचं सारं भांडवल एवढंच.

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात अशाच अफवेनं भिक्षेकरी समाजातल्या पाच जणांचे बळी घेतले. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं पुढं ढकललेल्या मजकुरावर तशी खूण दाखवायला सुरुवात केली आणि भारतात एका वेळी पाच ठिकाणीच तो पाठवता येईल, असं बंधन आणलं. २०२०मध्ये फार फिरलेल्या मजकुरासाठी ती मर्यादा एकावर आली. वेग कमी झाला, पण निरोप कुलूपबंद असतो. वाटेत कंपनीही तो वाचत नाही. म्हणजे शेवटचा पहारेकरी आपला अंगठाच.

सलोखा मोबाइलच्या आधीपासून इथं आहे. वाळवा तालुक्यातल्या गोटखिंडीत १९८०पासून गणपती मशिदीत बसतो. कडेगावच्या उंच ताबुतांना हिंदू-मुसलमान दोघांचे हात लागतात. हे वर्षानुवर्षं एकत्र बसण्या-उठण्यातून आलं. कडेगाव तालुक्यातल्याच मोहित्यांचे वडगाव या गावानं २०२२मध्ये संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास टीव्ही-मोबाइल बंद ठेवण्याची रीत पाडली. हेतू मुलांच्या अभ्यासाचा. पण तेवढ्या वेळात घरातली माणसं एकमेकांशी बोलू लागली, हाही लाभच.

मी मराठीत कविता लिहितो. माझं नाव वाचून "मराठी छान आहे हो तुमचं," असं कौतुकानं म्हणणारे अजून भेटतात. शेजारी मात्र तसं कधी म्हणत नाही. तो माझ्याशी रोज भांडतो-बोलतो ते मराठीतच. ईदेला मोबाइलवर शंभरभर शुभेच्छा येतात, त्या मला आवडतात. शिरखुर्मा खायला घरी येणारे पाच-सातच असतात. गावात ताण असला की दार वाजवून "सगळं ठीक आहे ना?" विचारायला तेच येतात.

पूर्वी गावात नवी बातमी आली की म्हातारी माणसं पहिला प्रश्न करायची, "तुला कुणी सांगितलं?" तो प्रश्न मोबाइललाही लागू आहे. ज्यानं पाठवलं त्याला विचारावं. बातमी शेजाऱ्याविषयी असेल तर त्याच्या दारापर्यंत चालत जावं. तेवढ्या चार पावलांत बरंच काही वाचू शकतं; कधी एखाद्याचा जीवही.