बंदर पुढे गेलं की मागे पडलं?

दिवाळीच्या सुमारास आदिलाबादच्या मार्केट यार्डापुढे कापसाच्या गाड्यांची रांग लागते, पाहिलीय ना? पुढे जिनिंगमध्ये सरकी वेगळी होते आणि रुईची साधारण 170 किलोची घट्ट गाठ बांधतात. समजा, अशी एक गाठ परदेशी निघाली. पण तेलंगणाला समुद्रच नाही! मग तिला एखादं बंदर गाठायला हवं, उदाहरणार्थ, मुंबईजवळचं न्हावाशेवा.

हे बंदर 1989 च्या मे महिन्यात सुरू झालं. इथे बहुतेक माल कंटेनरमधून, म्हणजे मोठाल्या पोलादी पेट्यांमधून जातो. 20 फुटी पेटी मोजायची 1 टीईयू आणि 40 फुटी 2. सन 2024-25 मध्ये इथून 70 लाखांहून जास्त टीईयूंची ने-आण झाली. बापरे!

मग बंदराचं काम सुधारलं म्हणायचं? थांबा! समजा, काल 5 जणींनी 200 किलो कापूस वेचला आणि आज 10 जणींनी 300 किलो. ढीग वाढला, पण दर बाईमागे 40 किलोंचे झाले 30! बंदराचंही असंच. पेट्यांबरोबर क्रेन किती, माणसं किती, धक्का किती लांब, हेही बघावं लागतं. किती लावलं आणि त्यातून किती निघालं, ही झाली उत्पादकता.

आता खरी गंमत. समजा, आपल्या बंदरातली एक क्रेन तासाला 24 पेट्या उचलायची, आता 27 उचलते. छानच! पण सगळ्यात तरबेज बंदर याच काळात 30 वरून 36 वर गेलं. पूर्वी आपण त्याच्या 80 टक्के होतो, आता 75 टक्केच. म्हणजे आपला वेग वाढला, तरी आपण मागे पडलो!

आपण किती सुधारलो आणि तरबेजांची मजल किती लांबली, हे वेगवेगळं दाखवणाऱ्या मापाला माल्मक्विस्ट निर्देशांक म्हणतात. स्वीडनच्या स्टेन माल्मक्विस्ट यांनी 1953 मध्ये मूळ कल्पना मांडली, ती लोकांच्या वस्तूंच्या वापराची तुलना करायला. बंदरं तर त्यांच्या लेखात नव्हतीच!

आता तुमची पाळी. पुढच्या वर्षी आपली क्रेन 33 वर गेली आणि तरबेज बंदराची 40 वर, तर अंतर घटलं की वाढलं?