कमावणारा एक, कर कोणाचा?

सकाळी लवकर लोणावळा स्टेशनवर उभे राहून पाहा. पुण्याची लोकल सुटायची वेळ झालेली असते. जेवणाचा डबा सांभाळत माणसे घाईने गाडीत चढतात. कोणाला पिंपरीचा कारखाना गाठायचा असतो, तर कोणाला पुण्यातील कचेरी. त्यांपैकी अनेकांच्या घरी कमावणारे माणूस एकच असते.

अशा घराने प्राप्तिकर, म्हणजे वर्षाच्या उत्पन्नावरील कर, कसा भरायचा? जमा, खर्च, रक्कम, वसूल, हिशेब हे शब्द तुम्हांला उर्दूमुळे ओळखीचेच आहेत. पण एक गोष्ट नवी वाटेल. अमेरिकेत पती-पत्नी दोघांचे मिळून एकच विवरणपत्र भरू शकतात. आपल्याकडे तशी सोय नाही. ज्याचे उत्पन्न, त्याचे विवरणपत्र.

आता आकडेच पाहू. समजा, २०२५-२६ साली एका घरात वडिलांचे करपात्र उत्पन्न १४ लाख रुपये आहे आणि आई घर सांभाळते. नव्या कररचनेप्रमाणे त्यांना ९३,६०० रुपये कर पडतो. शेजारच्या घरात दोघेही नोकरी करतात. प्रत्येकाचे करपात्र उत्पन्न सात लाख. त्यांना कर शून्य! कारण १२ लाखांपर्यंत प्रत्येकाला सूट मिळते. दोन्ही घरांत पैसा तेवढाच येतो. मला तरी हे खटकते.

पूर्वी संसाराचा थोडा विचार होत असे. १९५५ च्या अर्थसंकल्पात अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी विवाहितांना २,००० रुपयांपर्यंत, तर अविवाहितांना १,००० रुपयांपर्यंत करमाफी ठेवली होती. ती पद्धत पुढे बंद झाली. गोव्यात मात्र पोर्तुगीज काळापासूनच्या कायद्यामुळे दुकानाचे किंवा घरभाड्याचे उत्पन्न पती-पत्नींचे अर्धे-अर्धे मानतात. पगार तिथेही ज्याचा त्याचाच.

मावळात केवळ भातशेतीवर जगणाऱ्या घराला हा प्रश्न पडत नाही. शेतीच्या उत्पन्नावर प्राप्तिकर नाही.

मग वडिलांनी आपले पैसे आईच्या नावावर बँकेत ठेवले तर? ती युक्ती चालत नाही. त्याचे व्याज वडिलांच्याच उत्पन्नात धरतात. पण आईने शिवणकाम करून मिळवलेले पैसे आणि त्यांवरचे व्याज तिचे स्वतःचे. त्या व्याजातून बँकेने कर कापला आणि तिचे उत्पन्न करपात्र नसेल, तर तो परत मिळवण्यासाठी तिलाच आपल्या नावाने विवरणपत्र भरावे लागते. वडिलांच्या विवरणपत्रात तो मागता येत नाही.